आकडा माझ्यावर सोडला होता

भावजी गेले, हे ताईने फोनवर सांगितलं तेव्हा मी कोलाडला हायवेवर चहाला थांबलो होतो. "झोपेतच गेले रे दिनू," एवढंच ती म्हणाली. आता महिना होत आला... दुःख आहेच, पण रोह्याहून पेणला ताईकडे जाताना पाय अडखळतात ते लाजेने.

भावजींची सगळी नोकरी वैमानिकांना शिकवण्यात गेली. निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनं दोन सीटचं विमान घेतलं, त्याला वजनदार इंजिन बसवलं, पंखांची टोकं बदलली. परवानगीचे कागद आले, पण एक गोष्ट नव्याने मोजायची होती: वेग किती कमी झाला की पंख विमानाला पेलत नाहीत. उतरताना सगळा जीव त्या आकड्यावर असतो. उंच जायचं, इंजिन मंद करायचं, नाक हळूहळू वर धरायचं आणि विमान कोसळू लागेल त्या क्षणी काटा वाचायचा. शेजारच्या सीटवर मी. "माझी नजर बाहेर असणार. आकडा तुझ्यावर," भावजी म्हणाले. मी रोह्याच्या कंपनीत तीस वर्षं मीटर तपासले होते. मनाचा आकडा कधी लिहिला नव्हता.

पहिल्याच वेळी विमान थरथरलं, डावा पंख झुकला आणि खालची खाडी एकदम तिरकी झाली. मी डोळे गच्च मिटले. "किती?" त्यांनी विचारलं. विमानाच्या जुन्या पुस्तकात ताशी बहात्तर किलोमीटर होते, म्हणून म्हटलं, "त्र्याहत्तर." पुढच्या तिन्ही वेळा तसाच बसलो. चौऱ्याहत्तर, बहात्तर, त्र्याहत्तर. उतरल्यावर ते म्हणाले, "घाबरलास काय रे?"

"नाय ओ," म्हणत मी हसलो.

त्यानंतर तीन वर्षं ते उडत राहिले. कुणाशी ओळख करून देताना म्हणायचे, "हा आमचा आकड्यांचा माणूस." दर वेळी वाटायचं, आज सांगून टाकावं... माझ्या खोट्या आकड्यावर हा माणूस विमान उतरवतोय, हे ठाऊक असून मी गप्प राहिलो.

तेराव्यानंतर ताईने त्यांचं कपाट आवरायला घेतलं. एका वहीत माझे चार आकडे होते. त्याखाली आठवड्यानंतरची नोंद, भावजींच्या अक्षरात. शेजारच्या सीटवर माझ्या वजनाइतकी वाळूची पोती बांधून ते एकटेच वर गेले होते. सहा वेळा. खरा आकडा चौऱ्याऐंशी. आणि शेवटी एक ओळ: "दिनूचे डोळे मिटलेले होते. त्याला न्यायलाच नको होतं, चूक माझी. त्याला काही बोलायचं नाही."

"काय लिवलंय रे? माझ्याजवळ चष्मा नाय," ताई म्हणाली.

"आकडे हायत गो," मी म्हटलं आणि वही मिटली.

पेपरच्या ज्या पुरवणीसाठी मी हे लिहितोय, ती ताई दर रविवारी पहिल्या पानापासून वाचते. ताई, ते नुसते आकडे नव्हते.