माळाला मुठीची पाइप

आमच्या गावात क्रांतीचं नाव काढलं की अजून कोणतरी म्हणतंयच, "ती व्हय? आईच्या दारात मोठी पाइप घालणारी?" हे ऐकलं की माझं डोकं फिरतंय बघा. पावणं, तुम्ही पण आत्ता तेच म्हणालासा. आता बसा. तुमचं कापड नंतर बघते. आधी ऐकून घ्या.

मी सबिना. ह्या माळावर राहते, ब्लाउज शिवते. क्रांती आणि मी पहिलीपासून एका बाकावर. तिची आई धोंडुबाई, माझी धोंडुमावशी, तिचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून हाय. माळ म्हणजे गावाचं उंच टोक. हापसा खाली, आम्ही वर. मावशीनं उभा जन्म त्या चढावर पाणी वाहिलं. नवरा लवकर गेला. दुसऱ्याच्या रानात तण भांगलायला जायची, जायच्या आधी पाणी, आल्यावर परत पाणी. त्यात गुडघ्यांची पार वाट लागली. चढताना मधीच दगडावर टेकायची आणि कोणी विचारलं की म्हणायची, "बसलो न्हाय गं, जरा गाव बघतोय." आमच्याकडच्या म्हाताऱ्या अशाच बोलत्यात, गडीमाणसागत.

हे बघत क्रांती मोठी झाली. डिप्लोमा केला, डिग्री केली. आता कोल्हापुरात एका कंपनीत गावोगावच्या पाण्याच्या लाइनी आखती. कुठल्या गल्लीत माणसं किती, त्यास्नी पाणी किती लागंल, चढ कुठं, उतार कुठं, आणि त्या हिशेबानं कुठं किती जाडीची पाइप घालायची, हे तिचं काम. लई गोड बिड स्वभावाची हाय असं समजू नका. तापट हाय. कोणी चुकीचं बोललेलं तिला सोसत न्हाय, आणि समजावून सांगायला लागली की समोरचा बहिरा असल्यागत वरडती.

आमच्या गावाची योजना मंजूर झाली तेव्हा तिच्या साहेबानं ते काम तिच्याच गळ्यात घातलं. गाव तुझं हाय, तुला उंचसखल म्हाईत हाय, म्हणाला. त्यानं चांगलंच केलं असं आम्हाला वाटलं. क्रांती माझ्याकडं जेवायला आलती. भाकरी मोडता मोडता म्हणाली, "सबे, आईची घागर आता अडगळीत जाणार. तिच्या उंबऱ्याला नळ येणार. हे एक झालं की मग माझं शिकणं फिटलं." एवढी खूश मी तिला तिच्या लग्नात पण बघितली न्हवती.

तिपाईवर दुर्बीण लावून ती सगळं गाव फिरली. मला काय कळणार, मी विचारलं, "आपल्याला जाड पाइप आणि खालच्या गल्लीला बारीक, असं का गं?" तर मला परसात घेऊन गेली. बॅरल कट्ट्यावर चढवला, त्याला एक बारीक नळी लावली आणि लांब नेऊन तिचं तोंड बॅरलच्या पाण्याच्या जरासंच खाली धरलं. धार कशी, करंगळीएवढी. मग तेवढीच लांब जाड नळी लावून तिथंच धरली. भसाभसा पाणी! मग तीच बारीक नळी खाली उतारावर सोडली, तर तिच्यातनं पण जोरात आलं.

"बघ," म्हणाली, "टाकी शाळेच्या टेकावर. खालची गल्ली टाकीच्या पायाशी, खोलात. तिथं पाणी पळत जातंय, बारीक पाइप बास हाय. आपला माळ लांब, आणि टाकीपेक्षा थोडासाच खाली. पाण्याला जोर आधीच कमी, आणि लांबच्या वाटेनं पाइपला घासून घासून तो पण संपतोय. पाइप जाड केली की घासणं कमी होतंय. पाणी सगळ्यांना सारखं मिळावं म्हणून पाइप येगळी."

मला, दहावीला गणितात गचकलेलीला, हे कळलं. गावाला कळलं न्हाय.

पाइपा आल्या. काळ्या, निळ्या रेघांच्या. तालमीच्या पुढं ढीग लागला. खालच्या गल्लीचा केरबा, जुना पैलवान, आता डेअरीवर बसून गावाचा न्यायनिवाडा करतोय, तो बघायला आला. कोणी टेप आणला? न्हाय. केरबानं सरळ आपली मूठ माळाच्या पाइपेत घातली. मनगटापर्यंत गेली. मग खालच्या गल्लीच्या पाइपेत घातली, तर नुसती चार बोटं. झालं! दिवसभर तालमीपुढं गर्दी. जो येतोय तो मूठ घालतोय. तरणी पोरं, म्हातारे, लग्नाला आलेले पावणे सुद्धा. "आमास्नी बोटं आणि माळाला मूठ?" संध्याकाळपर्यंत तिला नावच पडलं, मुठीची पाइप. मग कोणाच्या तरी डोक्यात उजेड पडला की माळावर राहतंय कोण? धोंडुबाई. ती कोणाची आई? मग काय विचारता!

शाळेच्या पटांगणात ग्रामसभा बसली. सरपंच राजवर्धन. पोरगं शिकलेलं हाय, पण निवडणूक तोंडावर आलती. उभा राहून म्हणाला, "भांडण नको. सगळ्या गल्ल्यांना एकसारखी, मधली, तीन इंची पाइप. कोणावर अन्याय न्हाय." टाळ्या! मला वाटलं उठावं आणि एकेकाच्या कानाखाली वाजवावी.

क्रांती नकाशा घेऊन उठली. टाकी दाखवली, माळ दाखवला, उतार दाखवला. आधी हळू बोलली, मग जोरात, मग वरडायलाच लागली. "अवं, तीन इंची घातली तर खालच्या गल्लीत पाणी गटारीतनं वाहील आणि माळावर नळातनं नुसती हवा येईल! पाइप सारखी म्हणजे पाणी सारखं न्हवं!"

केरबानं मिशीवरनं हात फिरवला. "ताई, हिशेब तुझा, आई तुझी, आणि मूठ पण तुमच्याच दारात. आम्ही काय खुळी हाय व्हय?"

सगळी हसली. क्रांती नकाशाची गुंडाळी करायला लागली. हिशेब तिचाच होता आणि आई पण तिचीच होती. मला राहवलं न्हाय. मी उठून म्हणाले, "केरबाकाका, शेताच्या पाण्याची पाळी तुम्ही कुठनं सुरू करता? टेलाकडनंच की! शेवटच्या रानाला आधी पाणी देता. का? तर जवळच्यानं आधी दारं धरून पाणी घेतलं की शेवटचा कोरडा राहतोय म्हणून. मग हितं काय झालं?"

"ते शेत हाय, हे गाव हाय," म्हणाला. ह्याच माणसाला रानात सगळं कळतंय, आणि पटांगणात आला की कळत न्हाय.

"मी ह्या तीन इंचीवर सही करणार न्हाय," क्रांती म्हणाली.

"मग दुसरा कोण तरी करंल," राजवर्धन म्हणाला. तेवढं सरळ बोलला.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं धोंडुमावशी उठली. खांबाला धरून, गुडघा दाबत. मला वाटलं घरी चालली.

"सरपंच, लिवा," म्हणाली. "धोंडुबाईच्या दाराला नळ न्हाय. मी जिवंत हाय तवर न्हाय. आता ती पाइप माझी न्हाय न्हवं? मग माळाला मुठीची घाला."

"आई, खाली बस!" क्रांती वरडली. मावशी बसली न्हाय.

मला वाटलं, आता कोणतरी म्हणंल, असं कसं मावशी, आम्हाला तसं म्हणायचं न्हवतं. एवढ्या गड्यांत एकाला तरी लाज वाटंल. मी सगळ्यांच्या तोंडाकडं बघितलं. प्रत्येकजण जमिनीकडं बघत होता. शेवटी केरबानं घसा खाकरला. "मग आमची हरकत न्हाय," म्हणाला. राजवर्धननं लगेच ठराव लिहून घेतला, एवढ्या घाईत की जणू मावशीचं मन बदलंल.

घरी आल्यावर मायलेकींचं जुंपलं. भिंतीतनं मला सगळं ऐकू येत होतं. "मी हे शिकलो कोणासाठी? तुझ्यासाठी! आणि तूच नळ सोडून आलीस!" रागात क्रांती पण आईगतच बोलती. मावशी म्हणाली, "पलीकडची झुंबरबाईची सून पोटुशी हाय, तरी चढावर घागर आणती. माझ्या एकटीच्या नळापायी तिचा नळ कोरडा ठेवू व्हय? तू सांग. तू हिशेबवाली हायस न्हवं?" क्रांतीनं ताट सरकवलं आणि न जेवता कोल्हापूरला गेली.

लाइन पडली. पाणी सुटलं त्या दिवशी माळावरच्या बायका नळाला हळदकुंकू लावून उभ्या होत्या, माझ्या अम्मीनं दोन्ही हात पसरून दुवा मागितली. नळ आधी फुसफुसला, खोकला, आणि मग जे पाणी आलं म्हणता, बादली हातातनं निसटली! झुंबरबाई तर चक्क नाचली. खाली केरबाच्या नळाला पण चार बोटांच्या पाइपेतनं धो धो पाणी. कोणालाच काय कमी पडलं न्हाय. जेवढं क्रांती म्हणालती तेवढंच, सगळ्यांना. पण एक माणूस वर येऊन म्हणाला असंल की पोरी, तुझं बरोबर होतं, तर शपथ! उलट केरबा सगळ्यांना सांगतोय, आम्ही मन मोठं केलं म्हणून माळाला पाणी आलं.

मावशी माझ्या नळावर पाणी भरती. मी म्हटलं, भिंतीवरनं नळी टाकते, दोन मिनिटांचं काम. तर नको! "नळी दिसली की गाव म्हणंल, बघा, म्हातारीनं मागच्या दारानं घेतलंच. पोरीच्या तोंडाला काळं नको." मग घागर घेऊन येती, आणि भरलेली घागर मला उचलू पण देत न्हाय. मी राजवर्धनला किती वेळा गाठलं. "ठराव झालाय, आता सभेत माळाबाहेरचं कोणतरी विषय काढायला पायजे, तुमचं चालायचं न्हाय," म्हणतोय. तूच काढ की म्हटलं तर मोबाईल कानाला लावून चालायला लागतोय.

आता एक सांगते, ते कोणाला म्हाईत न्हाय, तुमच्याजवळच ठेवा. मागच्या रविवारी मी क्रांतीला विचारलं, आईचं घर तुझ्या हिशेबातनं काढलंस तेव्हा कसं वाटलं गं? तिनं आधी दार लोटून घेतलं.

"काढलंच न्हाय," म्हणाली. "पाइपेत आईचं पाणी धरलेलं हाय. खुदाई चालू होती तेव्हा मी उभी राहून लाइन तिच्या उंबऱ्यापर्यंत आणून घेतली. पायरीखाली हाय. तोंडाला बूच लावलंय. बूच काढून तोटी बसवायची, बास. पाणी तिथं येऊन थांबलंय, सबे."

म्हणजे मावशी रोज संध्याकाळी ज्या पायरीवर गुडघे चोळत बसती, तिच्याखाली पाणी उभं हाय. गावातनं एक हात वर झाला की सुटंल. अजून एक हात वर झालेला न्हाय. आणि दर रविवारी कोल्हापूरची ती इंजिनियर येती, माझ्या नळावर घागर भरती, कमरेवर घेती आणि त्याच पायरीवर पाय देऊन आईच्या घरात शिरती.