मिनूची फ्रेंचची वही

कालपासून डोळ्याले डोळा नाई लागला.
माहा भाऊ गजूदादा काल दुपारी घरातून गेला, तो अजून आला नाई म्हणून.

माही लहान बहीण मिनू, तिले जाऊन वर्ष झालं. तिथीनं काल, तारखेनं आज.
मी आठवी शिकली. चुका होतील. समजून घ्या.

मिनूचं नर्सिंग झालं होतं. कॅनडात एका भागात सगळे फ्रेंच बोलतात, तिथं नर्स लागतात म्हणे. म्हणून तिनं मोबाईलवर फ्रेंचचा क्लास लावला.
गावात क्लास चालन एवढी रेंज नाई. परीक्षेच्या आधी महिनाभर माह्याकडं मलकापूरलेच होती.

मी माह्या तान्ह्या पोरीले झोका द्याची, ती खाटेवर बसून पाठ कराची.
"झोरे मांजे. झोरे दी. ज सरे आले."

मी म्हणलं, "काय वं, कोणावर मंत्र टाकून राह्यली?"

"ताई, हे आपलंच हाये. खाल्लं असतं. सांगतलं असतं. गेली असती. जे झालंच नाई, ते सांगाची रीत."

वहीत तिनं दोन रकाने पाडले होते.
"पहिले मदतनीस घ्याचा. त्याले 'असतं'चं रूप द्याचं. मंग पुढं काम लावाचं, म्हंजे क्रियापद. लय कामाले एकच मदतनीस चालते. जाणं, येणं, मरणं, याले दुसरा."

"आन् या दुसऱ्याच्या मांगं बाईचं काम आलं, तं शेवटी एक अक्षर जास्त लिहाचं."

मी म्हणलं, "तिथंबी बाईवरच जास्तीचं वझं?"
लय हासली. पोरगी दचकून उठली.

"तू एक वाक्य कर, ताई. मनात राह्यलेलं."
मी म्हणलं, नववीत बसली असती तं मीबी तुह्यासारखी झाली असती.
तिनं ते फ्रेंचमधी लिहलं, वाचून दाखवलं. माहंच वाक्य, पण एखाद्या साहेबीणबाईचं वाटलं.

अजून एक सांगे. तिकडचे रेडिओवाले पक्की नसलेली बातमीबी याच रूपात सांगतात. आपण शेवटी 'म्हणे' लावतो, तसं.

परीक्षा नागपूरले होती. तिच्या दोन दिवस आधी दुपारी मिनूचा हात लागला. चटका बसला.

"मिनू, ताप हाये तुले."
"दादाले सांगू नोको. तो नागपूरले नेणारच नाई मले."
"मंग दवाखान्यात चाल."
"नर्स मी हाये का तू? साधा ताप हाये. गोळी दे. पेपर झाला की दाखवू."

मी हाव म्हणली. गोळी देल्ली.
सकाळी अजून एक देल्ली.

दादा तिले न्याले आला तवा अंग गार होतं.
दादा म्हणला, "काऊन वं, तोंड काऊन उतरलं? पेपरचा भेव?"
मिनू म्हणली, "हाव."
"मॅडम कॅनडाले चालल्या, आन् नागपूरलेच पाय लटपटून राह्यले!"
दोघं हासत हासत स्टेशनवर गेले.

मी दारात उभी होती. लेकरू कडेवर.
काई नाई बोलली.

पेपर देऊन आली. पाचव्या दिवशी गेली. डेंग्यू निघाला.
मांगून निकाल आला. पास होती.

डॉक्टर म्हणला, ताप परीक्षेच्या आधीपासून असंल.
तवापासून दादा एकच म्हणते, "नागपूरपरेंत माह्या बाजूले बसून होती. मले कळलं नाई. मी कायचा भाऊ!"
वर्षभर तो म्हणत राह्यला.
वर्षभर मी ऐकत राह्यली.

काल गावी वर्षश्राद्धाचं जेवण होतं. पंगतीत आत्या सगळ्यांसमोर बोलली, "गजा, पोरगी तापानं फणफणत होती आन् तू तिले गाडीत बसवली. दवाखान्यात नेली असती तं आज जित्ती असती."

दादा ताटावरून उठला.
"हाव आत्या. मीच मारली तिले."
हात धुतला नाई. पायात चप्पल नाई घातली. तसाच गेला.

माह्या हातात कढीचं भगुनं होतं.
मी वाढत राह्यली.

तवाच तोंड उघडलं असतं तं तो बसला असता. जेवला असता.

मोटरसायकल घरीच हाये. फोन वाजते, उचलत नाई.
कोणी म्हणते नांदुऱ्याच्या स्टेशनवर दिसला म्हणे. कोणी म्हणते लोणारच्या बसमधी चढला म्हणे. सगळं म्हणे म्हणे. पक्कं कोणाकडंच नाई.
घरचे माणसं शोधून राह्यले. पोलिसातबी सांगतलं. मी लेकरू घेऊन दारात बसली हाये. मायनं अन्नाले हात लावला नाई.
कायचा भेव वाटून राह्यला ते लिहवत नाई.

आज मिनूची वही काढली. पानंच्या पानं 'असतं', 'असती'.
मले आता तसं नाई लिहाचं. झालं ते लिहतो.

दादा, ताप मले माहीत होता.
गोळी मी देल्ली.
तुह्यापासून लपवाले मी हाव म्हणली.
तुले कोणी सांगतलंच नाई, तं तुले कळन कसं?

मिनू, तुह्या फोटोपुढं दिवा लावला हाये. तुह्यासाठी आज रडता येऊन नाई राह्यलं. दादा घरी आला की रडीन.

माहं नाव पाहून दादा फोन उचलत नाई. ज्याच्याकडं त्याचा नंबर हाये, त्याच्यासंग कापसाच्या जिनिंगात काम करणारे, शाळेतले, कोणीबी, त्याले फोन लावा. घरी ये असं पहिले म्हणू नोका, तो ठेवून देईन. पहिले एवढंच सांगा, "मिनूचा ताप तुह्या बहिणीले माहीत होता."
मंग म्हणा घरी ये.
वाचून सोडू नोका. हात जोडतो. आत्ता लावा.