सिगारच्या यंत्राचं झाकण

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, देवापुढं हात जोडून मनातल्या मनातसुद्धा नाही. किती वेळा ओठांवर आलं, आणि मी दुसरंच काहीतरी बोललो. क्रिकेटचं बोललो, नळाला पाणी आलं का म्हणून विचारलं. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मध्येच थांबवून "जाऊ दे रे" म्हणणार नाही. मला ते ऐकायचं नाहीये.

सुरुवात कुठून करू? विमलताईपासून केली तर लगेच शेवटाशी येईन. यंत्रापासून करतो. यंत्राबद्दल बोलताना माझा आवाज नीट राहतो.

सुरतेत कतारगामला माझं छोटं वर्कशॉप आहे. हिऱ्याला पैलू पाडायची जी चकती फिरते तिला इथं घंटी म्हणतात; तिच्या मोटारी, बेअरिंगं, दांडे नीट करणं हा माझा धंदा. गाव अमळनेरच्या पुढं. माणसं म्हणतात सुभाषच्या हातात कला आहे. पूर्वी ते ऐकायला मला आवडायचं. फारच आवडायचं—हेही सांगायला हवं, कारण सगळं तिथूनच सुरू झालं.

विमलताई आमच्याच गावची लेक. नात्यानं कुणी नाही. पण मी सुरतेत पहिल्यांदा उतरलो तेव्हा माझी पिशवी तिच्या खोलीत ठेवली होती, आणि खोली मिळेपर्यंत तिच्याच हातची भाकरी खाल्ली. तिचा नवरा कापडाच्या लूमवर कामाला होता. तो वारल्यावर ती अंथरुणावरच्या माणसांची सेवा करायची कामं घेऊ लागली. उचलून बसवणं, अंग पुसणं, भरवणं. हे सगळं ती अशा रीतीनं करायची की त्या माणसाला लाज वाटू नये. एजन्सीवाले तिला मोठ्या घरांत पाठवायचे.

अशाच एका घरात बापूजी होते. जुने हिऱ्याचे व्यापारी. तरुणपणी परदेशात माल घेऊन जायचे, तिकडं सिगारची सवय लागली. लकव्यानं डावं अंग गेलं, बोलणंही गेलं. नुसते आवाज निघायचे. डॉक्टरांनी नको म्हटलेलं, पण मुलांनी बापाची एक सिगार चालू ठेवली होती. संध्याकाळी, गॅलरीत, एकच. अडचण अशी की सिगारचं तोंडात धरायचं टोक बंद असतं. ते आधी कापावं लागतं, मग दुसरं टोक पेटवावं लागतं. एका हातानं हे कसं करणार? ते करून द्यायला कुणी आलं की बापूजी तोंड फिरवायचे. स्वतःच्या हातानं करायचं होतं त्यांना. नाहीतर नको.

हे विमलताईनं मला सांगितलं. चहा पीत, सहज. "भाऊ, तू काही करून देशील का? म्हातारा फार कुढतो रे."

मी केलं. मनापासून केलं, हे खोटं नाही. शिसवी लाकडाची पेटी, तळाशी लोखंडाचं वजन म्हणजे हलायला नको. वर एक भोक. सिगार त्यात उभी खोचायची, ती तिथंच धरली जाते. मग त्याच हातानं पितळी दांडा दाबायचा—पातं येतं, टोक उडतं. सिगार काढून तोंडात धरायची, पेटीवर वाकायचं आणि दांडा पूर्ण खाली दाबायचा. झाकण उघडतं, चकमक घासली जाते, पेट्रोलमध्ये भिजलेली वात पेटते. दांडा सोडला की स्प्रिंग झाकण खाली ओढते आणि ज्योत विझते.

विझायला हवी.

बापूजींनी पहिल्यांदा स्वतःच्या हातानं सिगार पेटवली तेव्हा मी तिथं होतो. त्यांचे डोळे भरून आले. मोठे चिरंजीव केतनभाई मोबाईलवर व्हिडिओ काढत होते, सगळ्या नातेवाईकांना पाठवत होते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात टाकला. विमलताई दारात उभी होती, आणि अशी बघत होती की जणू तिचा पाठचा भाऊ पहिला आला. त्या संध्याकाळी मी घरी चालत गेलो. रिक्षात बसावंसंच वाटलं नाही.

आता ऐका. ते झाकण अडकतं, हे मला माहीत होतं.

वर्कशॉपमध्येच कळलं होतं. लागोपाठ पेटवून-विझवून बघत होतो, पितळ तापलं, आणि एकदा झाकण अर्ध्यावर थांबलं. वात जळत राहिली. मी पान्यानं टिचकी मारली, पडलं. बिजागरी घट्ट झाली होती आणि स्प्रिंग कमजोर. जुन्या कुलपातली काढून लावली होती ती. बदलायला हवी होती. पण दुसऱ्या दिवशी यंत्र दाखवायचं कबूल केलं होतं. आणि मी मनाशी म्हणालो—बापूजी दिवसाला एकच सिगार ओढतात, पितळ कशाला तापेल? तुम्हीच सांगा, किती सोयीचं होतं हे? म्हटलं, पुढच्या आठवड्यात जाऊन बदलतो. आठवडे गेले. मी कौतुक ऐकायला दोनदा त्या घरी जाऊन आलो. स्प्रिंग खिशात न्यायची तेवढी राहिली.

थंडीचे दिवस होते. गॅलरीत बापूजी खुर्चीत, अंगावर शाल, पुढच्या टेबलावर पेटी. सूर्य मावळतीला, म्हणून विमलताई आत देवघरात दिवा लावायला गेली. दिवा लावला, बापूजींचा चहा ठेवला. तेवढ्यात खुर्ची आपटल्याचा आवाज आला. ती धावली तर शालीचा पदर पेटलेला. डाव्या हातावर, ज्या हाताला काही कळत नव्हतं. त्यांना उशिरा समजलं. हाक मारता येत नव्हती. तिनं हातांनीच शाल ओढून काढली, कुंडीतली ओली माती टाकली. तिचे स्वतःचे तळवे भाजले.

बापूजी वाचले. हात मात्र कोपरापर्यंत भाजला होता. बरेच दिवस ते दवाखान्यात होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी केतनभाईंचा फोन आला. मी गेलो. गॅलरीत कुणी काही हलवलं नव्हतं. पेटी टेबलावर होती. केतनभाई आत फोनवर बोलत होते. मी एकटाच होतो.

झाकण अर्ध्यावर उभं होतं.

किती वेळ बघत होतो कुणास ठाऊक. वात जळून कोळसा झालेली, झाकणाच्या आतल्या बाजूला काजळी. खाली टेबलावर शालीचे काळे दोरे. सगळं स्वच्छ दिसत होतं, कुणालाही दिसलं असतं. मी अंगठ्यानं झाकण दाबलं. टक् करून बसलं. मग रुमाल काढून काजळी पुसली—हो, तेही केलं. आणि केतनभाई बाहेर आले तेव्हा मी पेटी हातात घेऊन, स्क्रू ड्रायव्हर लावून, तपासतोय असं दाखवत होतो.

"सुभाषभाई, मशीन बराबर छे ने?"

"बराबर छे, शेठ."

दोन शब्द. मागं घ्यायला तिथंच पुरेसा वेळ होता. ते खुर्चीवर बसले, डोळे चोळले, पाणी प्यायले. मी स्क्रू ड्रायव्हर फिरवत राहिलो.

मग त्यांनी विमलताईला बोलावलं. तिच्या कमरेला काडेपेटी खोचलेली होती, देवाच्या दिव्याची. ती रोजच असायची. केतनभाई ओरडले नाहीत, ते शांत माणूस. एवढंच विचारलं, की काडी विझवली होती का, कुठं टाकली, बापूजींची सिगार तूच पेटवून दिलीस का. ती म्हणाली, "नाही शेठ, मी फक्त दिवा लावला. काडी विझवली होती." पुन्हा विचारलं. तिनं माझ्याकडं बघितलं. मी पेटीकडं बघत होतो. मग ती म्हणाली, "विझवली असेल."

होती—आणि असेल. मी तिथं उभा राहून तो फरक ऐकला.

तिला त्याच दिवशी काढलं. पोलिसात दिलं नाही, याबद्दल ती त्यांच्या पाया पडली. एजन्सीनं तिचं नाव काढून टाकलं. ज्या बाईच्या हातून रोगी भाजला तिला कोण ठेवणार? एकामागून एक घरं बंद झाली.

तुम्हाला वाटत असेल, कबुली झाली. मलाही बरीच वर्षं वाटायचं की माझा गुन्हा तो अंगठा. नाही. त्यापेक्षा वाईट पुढं आहे, आणि तिथं यायला मला इतका वळसा घालावा लागला.

काही दिवसांनी ती वर्कशॉपवर आली. तळव्यांना अजून पट्ट्या होत्या. घरी बोलतो तशी अहिराणीत बोलली, हळू आवाजात. आरोप म्हणून नव्हे, विचारायचं म्हणून. "भाऊ, खरं सांग बरं, त्या मशीनमा काही बिघाड व्हता का? मी रोज आठवस. काडी मी विझाडेल व्हती."

फक्त आम्ही दोघं. शेठ नव्हते, पोलीस नव्हते. ती कुणाला जाऊन सांगणारी बाई नव्हती. तिला फक्त तिची स्वतःची आठवण परत हवी होती. मी काय करायला हवं होतं? एक "हो" म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "ताई, मशीनले काहीच नही व्हयेल." मशीनला काहीच झालेलं नाही.

तिनं पट्ट्या बांधलेले तळवे उलटे करून बघितले. मग मान हलवली. "मंग मनीच चूक व्हई." माझीच चूक असेल, म्हणाली. आणि उठताना मला म्हणाली, की माझ्यामुळं तुझ्या यंत्राचं नाव खराब झालं, मनात ठेवू नको.

एक खोटं मी गुजरातीत बोललो, एक अहिराणीत. पहिल्यानं तिचं काम गेलं. दुसऱ्यानं काय गेलं ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

आणखी एक सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल बिचारा घाबरला होता. तो व्हिडिओ बघून केतनभाईंच्या एका मित्रानं तसंच यंत्र मागितलं. मी करून दिलं. त्यात स्प्रिंग नवी, जाड, दुहेरी घातली. बिजागरी सैल ठेवली. तेव्हा माझ्या हाताला सगळं नीट आठवत होतं.

बापूजी घरी आल्यावर मी भेटायला गेलो. न जाणं बरं दिसलं नसतं. पेटी कपाटात ठेवली होती, काचेमागं. मी आत आलो तसा त्यांनी चांगला हात उचलला आणि पेटीकडं केला. मग माझ्याकडं केला. पुन्हा पेटीकडं. घशातून आवाज काढत होते, मान हलत होती. केतनभाईंची बायको हसली. "जुओ, हजी सिगार मागे छे." बघा, अजून सिगार मागतायत. सगळे हसले. मीही हसलो. त्या म्हाताऱ्यानं ती ज्योत जळताना बघितली होती, सगळं त्याला माहीत होतं, आणि घरभर माणसं असून ऐकू आलं ते एकट्या मला. त्यानं हात खाली घेतला आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. मग मी पुन्हा गेलो नाही. ते वारले ते नंतर, छातीच्या दुखण्यानं. भाजल्यानं नव्हे, असं डॉक्टर म्हणाले. ते वाक्य मी फार दिवस उराशी धरून होतो.

विमलताई सुरत सोडून चलथाणला गेली. तिचा मुलगा तिथं साखर कारखान्यात लागला होता. ती सुरुवातीला उसाच्या तोडीला जायची. वय काय, ती काय करतेय—पण सांगणार कोण? आता मुलाला बायको-मुलं आहेत, घर बरं आहे. या उन्हाळ्यात सत्यनारायणाला बोलावलं. बायको म्हणाली, एवढं केलंय तिनं आपल्यासाठी, जायलाच हवं. गेलो.

पूजा झाली, माणसं पांगली. बायको सुनेबरोबर शेजारच्यांना प्रसाद वाटायला गेली. विमलताई म्हणाली, थांब, चहा ठेवते. साखर काढली, आलं किसलं, दूध घातलं, पातेलं शेगडीवर ठेवलं, आणि मग तशीच उभी राहिली. मला कळेना. म्हटलं, काय झालं ताई? ती जरा शरमली. म्हणाली, सून लावते रोज गॅस. देवाचा दिवासुद्धा नातवंडंच लावतात. मी त्या दिवसापासून घरात काडी लावली नाही. मी विझवली म्हणते आणि विझलेली नसते, मग काय भरवसा?

लायटर तिनं माझ्यापुढं धरला. तळव्यावरची कातडी अजून गुळगुळीत आहे, चकचकीत.

मी गॅस लावला.

"तुना हातले जमस भाऊ," ती म्हणाली. तुझ्या हाताला जमतं.

चहा उकळला. तिनं गाळला, मी प्यायलो. आम्ही ओट्याशी उभे होतो, दोघंच, आणि ती मला सुनेचं कौतुक सांगत होती. बायको येईपर्यंत बराच वेळ होता. मी चहा चांगला झालाय म्हणालो.

ती चलथाणला असते, मी कतारगामला. रिक्षानं फार तर तासाभराचा रस्ता आहे.