डोळे मिटून सांगितलेली गोष्ट

इस्पितळाच्या तळघरातल्या धुलाईघरात मी एकवीस वर्षं फाटलेल्या चादरी शिवल्या. माझ्या शिलाई मशीनसमोरच गरम रोलरचं यंत्र होतं. एका बाजूनं ओलसर चादर आत जायची, दुसऱ्या बाजूनं कडक, वाफाळती बाहेर पडायची. तिथं दोघीजणी दोन-दोन टोकं धरून घडी घालायच्या. टोकं जुळवायला एकमेकींकडे चालत यायचं, हाताला हात लागायचा, मग मागं सरायचं. दिवसभर हेच. त्या दोघी म्हणजे वहिनी आणि तिची धाकटी नणंद.

नणंद आधीपासून कामाला होती. तिनंच भावजयीला इथं चिकटवलं आणि पहिल्या दिवशी "ही माझी वहिनी" म्हणून सगळ्यांपुढं उभी केली. तेव्हापासून मुकादमापासून डॉक्टरांपर्यंत ती सगळ्यांचीच वहिनी. नणंदेनं लग्न केलं नव्हतं. भावाच्याच घरी मागच्या खोलीत राहायची. भावाच्या एकुलत्या एका मुलाला तिनंच अंगाखांद्यावर खेळवलं. यंत्र बंद पडलं तरी या दोघींची टकळी बंद पडत नसे.

आम्ही तिघीही एकाच ख्रिस्ती मंडळीतल्या. रविवारी उपासना आणि बुधवारी संध्याकाळी बायकांची प्रार्थनासभा.

वहिनीचा नवरा रंगारी. हातात कसब होतं, पण दारूपुढं कसबाचं काही चाललं नाही. पिऊन आला की बायकोवर हात टाकायचा. मग ती लांब बाह्यांचं घालून कामाला यायची. त्या उकाड्यात लांब बाह्या! आम्हाला काय कळत नव्हतं? सगळं कळत होतं. विचारलं मात्र कुणीच नाही.

एका शनिवारी मुलानं बापाचा उगारलेला हात वरच्या वर धरला. मुलगा बाविशीतला, अंगानं भरलेला. धरून थांबला असता तर बरं झालं असतं. त्यानं स्वतःचाही हात उचलला आणि बापाचा जबडा मोडला. लोकांना सांगितलं, शिडीवरून पडले. रंगाऱ्याच्या बाबतीत ते सहज खपलं. खरं काय ते घरातल्या चौघांनाच ठाऊक होतं.

त्या बुधवारी वहिनी घरी नवऱ्याला नळीनं पेज पाजत होती. सभेत नणंद उभी राहिली, डोळे मिटले आणि रडत रडत म्हणाली, "प्रभू, माझ्या भावाच्या घरावर दया कर. पोटच्या पोरानं बापाचा जबडा मोडला. त्या पोराला पश्चात्ताप दे."

आम्ही पंधराजणींनी आमेन म्हटलं. माझंही आमेन त्यात होतं. घरी जाऊन नवऱ्याला सगळं सांगितलं तेही मीच, "प्रार्थनेत आठवण ठेवा" असं म्हणून.

रविवारपर्यंत मंडळीत ज्याच्या त्याच्या तोंडी तेच. मुलगा गीतांना गिटार वाजवायचा. तो तारा जुळवत असताना मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी सगळ्यांदेखत त्याच्या हातातून गिटार काढून घेतली. "आधी बापाची माफी माग, मग देवाची गाणी वाजव." आईच्या अंगावरच्या वळांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. मुलानं आत्याकडे एकदा पाहिलं आणि निघून गेला. सोमवारी सकाळी तो एक पिशवी घेऊन घराबाहेर पडला. फोनचा नंबरही बंद केला.

मंगळवारी रोलरपाशी वहिनी नणंदेला म्हणाली, "तू प्रार्थना नाही केलीस. चहाडी केलीस. तीही डोळे मिटून."

"मी देवालाच सांगितलं गं, वहिनी."

"देवाला ऐकू येत होतं. इतकं मोठ्यानं कशाला?"

त्यानंतर सहा वर्षं दोघींत शब्द नाही. नणंद भाड्याच्या खोलीत राहायला गेली. मुकादमानं जागा बदलून देतो म्हटलं, पण दोघींपैकी एकीनंही मागितली नाही. चादर आली की एकमेकींकडे चालत यायच्या, टोकं जुळवायच्या, मागं सरायच्या. नजर चादरीवर.

मंडळीतही फूट पडली. काही म्हणायचे, प्रार्थनेत मांडलं तर काय चुकलं? काही म्हणायचे, घरचं उघड्यावर आणलं. मग वाद दुसऱ्याच गोष्टींवर गेला, छपरावर, गीतांच्या चालींवर, खुर्च्यांवर. शेवटी दोन उपासना झाल्या, एक नऊची आणि एक अकराची. पाळक बिचारे दोन्हीकडे ऐक्यावर तेच प्रवचन करायचे आणि दोन्हीकडचे लोक ते पलीकडच्यांसाठी आहे असं समजून माना डोलवायचे.

वहिनी नऊला यायची, पण प्रभुभोजनात द्राक्षरसाचा प्याला आला की न पिता पुढं द्यायची. पाळकांनी घरी जाऊन विचारलं.

ती म्हणाली, "तिच्याबद्दल माझ्या मनात काय आहे ते प्रभूला माहीत आहे. ते मनात ठेवून कसा पिऊ?"

"मग माफ करून टाक."

"रोज सकाळी करते, पाळकसाहेब. पहिली चादर हातात आली की परत होते तिथंच."

सहाव्या वर्षी नवऱ्याचं यकृत गेलं. आमच्याच इस्पितळात तिसऱ्या मजल्यावर तो पडून होता, पोट फुगलेलं, डोळे पिवळे. "त्याला बोलाव," एवढंच म्हणायचा. वहिनीनं मुलाच्या जुन्या मित्रांना विचारलं, त्याच्या कारखान्यात विचारलं. कुणालाच पत्ता नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी चादरीची टोकं जुळवायला ती पुढं आली आणि मागं सरलीच नाही.

"तुझ्याकडे त्याचा नंबर आहे?"

सहा वर्षांतले पहिले शब्द. नणंद म्हणाली, "आहे."

"कधीपासून?"

"चार वर्षं झाली."

रोलर चालूच होता. चादरी बाहेर पडून जमिनीवर साचायला लागल्या. शेवटी मीच उठून बटण दाबलं.

नणंद अडखळत सांगत होती. पहिला फोन त्यानं शिव्या द्यायलाच केला होता. मग दर दोन-तीन महिन्यांनी करायला लागला. आईला कळू द्यायचं नाही, अशी शपथ घातली होती. आईला बापापासून काही लपवता येत नाही, म्हणून. "एकदा तोंड उघडून घर मोडलं होतं, वहिनी. म्हटलं, आता जीभ तुटली तरी बोलायचं नाही."

वहिनीचा आवाज चढला नाही. "तो जिवंत आहे एवढं तरी सांगायचंस. बेवारस पोरगा दाखल झाला असं कानावर आलं की मी जिना चढून बघायला जायची. चार वर्षं. बोलायचं नव्हतं तेव्हा बोललीस आणि सांगायचं होतं तेव्हा गप्प बसलीस."

नणंदेनं फोन लावून वहिनीच्या हातात दिला.

"मी बोलतेय," वहिनी म्हणाली. मग तिनं बापाचं सांगितलं. रोलर बंद होता, त्यामुळं मुलाचा आवाज आम्हालाही ऐकू आला. "आई, तुझ्यासाठी कधीही येईन. त्यांच्यासाठी नाही."

तिनं गळ घातली नाही. "बरं. वेळेवर जेवतोस ना?" एवढं विचारलं आणि फोन बंद झाला.

तिसऱ्या दिवशी नवरा गेला, दाराकडे तोंड करून. दफनाला नऊवालेही आले आणि अकरावालेही. कबरीच्या दोन बाजूंना वेगवेगळे उभे राहिले. मुलगा आला नाही.

आठवड्यानं वहिनी कामावर आली. जेवणाच्या सुट्टीत नणंदेला म्हणाली, "चल," आणि कपड्यांच्या कोठीत घेऊन गेली. दार उघडंच होतं.

"मी तुला माफ केलेलं नाही. होत नाहीये. पण त्याच्यासाठी तुझ्याइतकं रडणारं माझ्याकडे दुसरं कुणी नाही. प्रार्थना बरोबर करू. पण मनातल्या मनात. तोंडातून शब्द नको."

दोघी गाठोड्यांवर बसल्या, दहा मिनिटं, गप्प. रोज बसायला लागल्या. महिनाभरानं मी दारात जाऊन उभी राहिले आणि त्या बुधवारी घरी जाऊन मी काय केलं होतं ते कबूल केलं.

"ठाऊक आहे मला," वहिनी म्हणाली. "बस."

पुढं आणखी दोघी आल्या, एक नऊची, एक अकराची. कोण कशासाठी बसलंय हे कुणी कुणाला विचारत नाही. पाळकांना कळलं तेव्हा त्यांना ते उपासनेत सांगायचं होतं, एकीचं उदाहरण म्हणून. वहिनीनं हात जोडले. "नको. सांगून सांगूनच इथवर आलोय." उपासना अजून दोनच आहेत.

पुढच्या वर्षी एका दुपारी मुलगा तळघराच्या दारात उभा दिसला. केस विरळ झालेले, दाढी वाढलेली. आई आणि आत्या, दोघींच्या मध्ये बसून चहा प्यायला. आत्याशी फारसं बोलला नाही, पण तिनं पाठीवर हात ठेवला तो झटकलाही नाही. कबरीवर चल असं वहिनी म्हणाली नाही. त्यानंच विचारलं, "शेवटी काही म्हणाले का?"

"तुला बोलवत होते."

"माफी मागायला, की मला मागायला लावायला?"

वहिनीनं खोटं सांगितलं नाही. "ते मला माहीत नाही रे."

चारच्या बसनं तो परत गेला. आता अधूनमधून आईलाच फोन करतो.