आष्टीतल्या हरभऱ्याच्या दोन पेरण्या

शहाणा माणूस सुट्टी काढून हैदराबादेला जातो. मी जालन्याहून आष्टीला गेलो, हरभरा बघायला.

अक्काचा निरोप आल्ता. आमचे दाजी आणि त्यांचा धाकटा भाऊ नामदेव यांचं बिनसलं होतं. दाजींचं म्हणणं, गावरान हरभरा दसऱ्यालाच पेरावा. नामदेवानं वऱ्हाडातून लवकर पिकणारं बी आणलेलं; त्याच्या मते दिवाळीआधी पेरणारा वेडा. दोघांनी एकेक वावर घेतलं. ज्याचं पीक हरेल त्यानं वेगळी चूल मांडायची, आणि पंच येईस्तोवर दोघांनीही वावरात पाऊल टाकायचं नाही, असं ठरलं. पंच मी! जिनिंगमध्ये कापसाच्या गासड्या मोजणाऱ्याला हरभऱ्यातलं सगळं कळतं, अशी समजूत असावी.

परतूरपर्यंत आगगाडी, पुढं बैलगाडी. त्या वाटेला रस्ता म्हणायची पद्धत आहे. जाणाऱ्यांनी पाणी सोबत घ्यावं आणि कमरेची आशा सोडावी. पोचल्यावर मात्र अक्काची गरम भाकरी आणि हरभऱ्याची भाजी. सगळी हाडं जागेवर आली.

सकाळी दाजींच्या वावरात गेलो. एक पट्टा घाट्यांनी लगडलेला, शेजारचा उभ्या उभ्या वाळलेला. पुन्हा एक भरलेला, एक मेलेला. नामदेवाच्या वावरातही एकाआड एक पट्टे, एक भरलेला, एक पोचट. दाजी लाल झाले.

"माझ्या बियात तू कालवाकालव केली!"

"मी? माझं वावर कुणी नासवलं मंग?"

दोघांनी एकमेकांच्या गचांड्या धरल्या. पंच बांधावर सुरक्षित उभे होते.

"सोडा त्याला!" अक्का ओरडली. "आमी केलं. पेरताना चाड्यात बी सोडणारी मूठ आमची व्हती. दोन्ही वावरात एका फेरीला गावरान, दुसऱ्या फेरीला वऱ्हाडी सोडलं." तिच्या मागं नामदेवाची बायको पदराआड हसत होती.

"कामून?" दाजींचा हात सुटला.

"एकाचं वावर बिलकुल गेलं असतं, तर चूल फुटली असती. आता बघा बराबर."

सगळ्यांनी पाहिलं. दसऱ्याच्या पेरणीत गावरान तरला, वऱ्हाडी उन्हानं मर रोग लागून गेला. उशिराच्या पेरणीत वऱ्हाडी भरला, गावरानाचे घाटे पोचट राहिले. दोघे शहाणे अर्धे अर्धे खरे ठरले. पूर्ण खरं ठरण्यापेक्षा हे त्यांना जास्त झोंबलं. पण बांधावरच हिरव्या घाट्यांचा हुळा भाजला, तेव्हा दोघंही एकाच आगटीभोवती बसले.

निघताना अक्का गाडीपर्यंत आली. "भ्या वाटलं न्हाई?" मी विचारलं.

"लई वाटलं. दोन्ही बी दोन्हीकडं मेलं असतं, तर मला माहेरी धाडलं असतं रे." ती हसली, पण बोलताना गाडीचा दांडा तिनं घट्ट धरला होता.

जालन्यात आल्यावर कंबर दोन दिवसांत बरी झाली. चूल एकच आहे. दोन पेरण्या करायची अक्कल आपलीच, असं दाजी आता गावभर सांगतात. अक्का ऐकते आणि त्यांना आणखी एक भाकरी वाढते.