तिच्या नावाचा विमा

निवृत्तीला काही महिने उरले असतानाची ती घटना अजून माझ्या डोक्यातून गेलेली नाही. कारण त्यात पहिली चूक माझीच होती.

वाशीम जिल्ह्यातल्या एका ठाण्यात मी तेव्हा ठाणेदार होतो. सकाळची हजेरी चालू असताना एका आशाताईंचा फोन आला. "साहेब, रिठदकडची एक बाई रोज पोटात सुया घेऊन राह्यली अन् कोन्या दवाखान्याचा कागद नाही तिच्यापाशी. दुसऱ्याचं लेकरू पोटात वाढवाचं म्हनते. शुक्रवारी शहरात नेनार हायेत तिले."

दुसऱ्या जोडप्यासाठी मूल वाढवणं हा गुन्हा नाही, त्याचा मोबदला ठरवणं हा आहे. दवाखान्याचा खर्च आणि बाईच्या नावाचा विमा, एवढंच जोडप्यानं द्यायचं असतं. बाईला बोलावून घेतलं. तिशीतली विधवा, दोन मुली, नवऱ्यामागे एक एकर तिच्या नावावर. तिनं पिशवीतून करारनामा काढला. सगळा इंग्रजीत आणि पानापानावर तिची सही.

"वाचलं काहून नाही?" मी तिच्याच बोलीत दरडावलं.

"वाचता आलं असतं तं वाचलं नसतं का, साहेब? पैसे पायजेतच, पोरीयचं शिक्षन हाय. पन मले काही झालं तं पोरीयचं काय, हे मी पयले इचारलं. मंगच त्यानं इमा काढून देला."

तिनं घडी केलेली पावती पुढं केली. वर तिचं नाव, खाली विमा हा शब्द. मी ती तशीच फायलीला लावली.

'त्यानं' म्हणजे बाजारात ऑनलाइन फॉर्म भरून देणारा दुकानदार. दुपारी त्याला चौकशीला आणलं. "सारं रीतसर हाय साहेब. करार हाय, इमा हाय. बायायले मदत करतो मी." दोन तास हेच पालुपद. माझा चहा गार झाला याचीही काळजी त्यालाच. एवढं गोड बोलणारा माणूस मला नोकरीभर कधी आवडला नाही.

तेवढ्यात कागदांची यादी करणारी आमची महिला शिपाई आत आली. शेतकऱ्याचीच लेक ती. "साहेब, हा तं पीकइमा हाय. आमच्या घरीबी असाच हाय. हे पाहा, गट नंबर. पीक सोयाबीन. हप्ता एक रुपया."

मला लाज वाटली आणि संतापही आला. पावती त्याच्यासमोर ठेवली. म्हटलं, "यात बाईचा विमा कुठं आहे ते दाखव."

त्यानं पावती उलटसुलट पाहिली आणि पाणी मागितलं. मग तासाभरात सगळं सांगितलं. खऱ्या विम्याची रक्कम जोडप्याकडून घेऊन त्यानं खिशात घातली होती आणि आणखी दोघींच्या हातात असेच कागद दिले होते.

फसवणुकीचा गुन्हा आम्ही नोंदवला. जोडपं आणि दवाखाना यांचं प्रकरण आरोग्य खात्याच्या अधिकाऱ्यांकडे गेलं.

बाई मात्र घाबरलेलीच. "सही करून बसली ना मी. आता मांगं फिरलं तं सारा खर्च भरून द्या लागते म्हने."

"गर्भ ठेवण्याआधी तुम्ही केव्हाही नाही म्हणू शकता. कायदाच तसं सांगतो."

"मंग नाही म्हनते," ती म्हणाली. शुक्रवारी ती शेतात निंदायला गेली.

ओळखीचा शब्द ऐकला किंवा दिसला की आपण कागद वाचलाच असं समजतो. ती फसली तशीच, आणि वाचता येत असून मीही. तेव्हापासून मी कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो.

त्या वर्षी अतिपावसानं सोयाबीन गेलं. काही महिन्यांनी, माझ्या निवृत्तीच्या तोंडावर, ती मुलींना घेऊन, हातात पासबुक धरून ठाण्यात आली.

"साहेब, त्या खोट्या इम्याचे पैसे आले. घेऊ का?"

"घ्या. सोयाबीनपुरता तो खराच होता."

तिनं पासबुकातल्या आकड्यावर बोट ठेवलं. "म्हंजे सोयाबीन बुडालं तं भरपाई भेटली. अन् मी बुडाली असती तं?"

मुली बाकावर बसून ऐकत होत्या.