फोनची पाठ बदलायला घेतली त्या दिवशी

सकाळी पावणेआठला बायकोचा फोन आला. ती बंगळूरला होती, लेकीकडे.

"हिला कळा सुरू झाल्यात. दवाखान्यात आणलंय. पहिलटकरीण हाय, वेळ लागंल म्हणालेत. तुमी सारखं सारखं फोन करू नका, मीच करते." एवढं बोलून तिनं ठेवून दिला. मला काही विचारायला जागाच नाही.

डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला अजून सोळा दिवस होते. माझं तिकीट त्या बेतानं काढलेलं. जावई कामासाठी देशाबाहेर होता, तोही तारीख धरूनच यायचा होता. म्हणजे तिथं त्या दोघी मायलेकी आणि इथं सोलापुरात भवानी पेठेतल्या दोन खोल्यांत मी एकटा.

मी तीस वर्षं अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर होतो. जॉबर म्हणजे यंत्रमाग बंद पडला की तो खोलून परत चालू करणारा माणूस. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून चार महिन्यांपूर्वी काम सोडलं. हात मात्र अजून कामावरच होते. मला बसून वाट बघणं कधी जमलेलं नाही. कारखान्यात कुणी जरा थांबा म्हटलं, तरी तेवढ्यात मी एखादा नट आवळून घ्यायचो.

त्या सकाळी दोनदा चहा केला आणि दोन्ही वेळा तो तसाच थंड झाला. गॅलरीत गेलो, आत आलो. पंखा लावला, बंद केला. त्या दिवशी नळाला पाणी यायची पाळी असती तर बरं झालं असतं. घागरी, बादल्या, टाकी भरण्यात दोन तास निघाले असते. पण पाळी परवा होती. आंघोळीला जाताना फोन बाथरूमच्या दाराशी स्टुलावर ठेवला आणि अर्ध्या आंघोळीतून दोनदा डोकं बाहेर काढून बघितलं. फोन आला नव्हता. नऊ वाजले, सव्वानऊ वाजले.

टॉवेलनं हात पुसून फोन उचलला, तेव्हा तळव्याला काच टोचली.

फोनची पाठ फुटलेली होती. कामाच्या शेवटच्या आठवड्यात तो खिशातून फरशीवर पडला होता. समोरचं सगळं ठीक, पण मागची काच कोपऱ्यापासून जाळं धरून तडकलेली. वरून सेलोटेप चिकटवून मी तो वापरत होतो. लेकीनं आईच्या फोनवरच्या व्हिडिओ कॉलमध्ये ते बघितलं आणि आठवड्याच्या आत नवीन पाठ कुरिअरनं घरी पाठवून दिली. सोबत चिकटवायची तयार पट्टी, प्लास्टिकची पातळ पाती आणि दोन बारके स्क्रू ड्रायव्हरही होते. तिनं बजावलंही होतं, "पप्पा, दुकानात न्या. स्वतः खोलत बसू नका." मला ते लागलं होतं. आयुष्यभर माग खोलले, आणि हाताएवढा फोन मला खोलता येणार नाही?

पाकीट कपाटात होतं. काढून पाटावर मांडलं.

इथं मी खोटं बोलणार नाही. फोन येणार आहे हे मला माहीत होतं. पण बायकोच म्हणाली होती, वेळ लागंल. अर्ध्या तासाचं काम, मी मनाशी म्हटलं. कशात तरी डोकं घातलं नसतं तर मी त्या खोलीत वेडा झालो असतो.

कसं खोलायचं त्याचा व्हिडिओ त्या फोनवरच होता. दोनदा बघितला आणि पायऱ्या वर्तमानपत्राच्या कडेला लिहून घेतल्या. मग फोन बंद केला. चालू मशीनमध्ये हात घालायचा नाही, ही सवय हाडात मुरलेली.

काचेखालचा गोंद मऊ करायला ऊब द्यावी लागते. मी इस्त्री तापवली, फोनवर सोलापुरी चादरीची चौपदरी घडी ठेवली आणि वरून थोडी थोडी फिरवली. मग पातं कडेनं सरकवलं. जुनी काच अखंड निघेना, कपच्या होऊन निघायला लागली. एक करंगळीत घुसली. रक्त चोखत, चष्मा कपाळावर सरकवत मी चारी बाजू सोडवल्या. आतून बोटाच्या ठशाच्या बटणाला जोडलेली एक पिवळी, कागदासारखी पट्टी आली. ती तुटू नये म्हणून आधी बॅटरीची क्लिप काढली, मग पट्टी सोडवली. बटण नव्या पाठीला बसवलं. पट्टी लावली, क्लिप दाबली, नवी पाठ चिकटवली आणि दोरीवरचे कपड्यांचे चिमटे चहूबाजूंनी लावून टाकले. काम देखणं झालं होतं. त्या तासाभरात मला एकदाही बंगळूर आठवलं नाही, हे मला चिमटे लावून झाल्यावर कळलं.

घड्याळात दहा चाळीस झाले होते. बटण दाबलं.

फोन चालू होईना.

परत दाबलं. अंगठा पांढरा पडेस्तोवर दाबून धरलं. चार्जर लावला. पडदा काळा. उठून शेजाऱ्यांचं दार वाजवलं, तर त्यांच्या दाराला कुलूप. आणि तसंही कुणाचा फोन मिळाला असता, तरी नंबर कुठला लावणार? बायकोचा नंबर मला पाठ नव्हता. लेकीचाही नव्हता. नाव दाबलं की फोन लागायचा, एवढंच मला येत होतं. पस्तीस वर्षं जिच्याबरोबर काढली, तिचे दहा आकडे मला सांगता येत नव्हते.

फोन टॉवेलात गुंडाळला आणि निघालो. गुडघे दुखत होते, तरी मी जवळजवळ पळत होतो. चौकाच्या पुढच्या गल्लीत मोबाइल दुरुस्तीचं एक छोटं दुकान आहे. ते एक तेलुगू बाई चालवतात, पन्नाशीच्या आतबाहेरच्या. त्यांच्या घरी पूर्वी हातमाग होते, हे नंतर कळलं. भिंगाच्या दिव्याखाली मान घालून त्या कुणाचा तरी फोन जोडत होत्या.

"ताई, हा आधी बघा. लई अर्जंट हाय."

"सगळ्यांचाच अर्जंट असतो की काका. बसा." मग त्यांनी टॉवेल उलगडला आणि अजून लावलेले चिमटे बघून हसू दाबलं. "हे काय करायलाव तुमी घरी?"

मी सांगितलं. कळा, बंगळूर, एकटी बाई, बंद फोन. त्या एकदम गंभीर झाल्या. "काकूंचा नंबर सांगा, माझ्या फोनवरून लावते."

मी बंद फोनकडे बोट केलं, नंबर त्यातच होता. त्यांना कळलं. माझ्या फोनच्या कडेला पिन खुपसून त्यांनी सिमकार्ड काढलं, ड्रॉवरमधला एक जुना फोन घेतला, त्यात ते घातलं आणि माझ्या हातात दिला. "ज्यांना तुमाला फोन करायचाय, ते आता हितं करतील. धरा. मी तुमचा खोलते."

एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती.

त्या जुन्या फोनवर धडाधड मेसेज पडायला लागले. एकाच नंबरवरून नऊ वेळा फोन येऊन गेला होता. नंबराशेजारी नाव नव्हतं, पण दुसरं कोण असणार. मी त्यावर बोट ठेवणार तेवढ्यात तो वाजलाच.

"कुटं होता तुमी?" बायकोचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. ओरडत नव्हती. सपाट होता.

"फोन बंद पडला..."

"बाळाचे ठोके कमी व्हायला लागले. डॉक्टरीण म्हणाली लगेच ऑपरेशन करावं लागंल, सही करा. जावयाचा फोन लागंना. तुमचा बंद. मी केली सही."

"मग आता?"

"आत नेलंय. मी बाहेर उबी हाय."

"मी..." मी म्हटलं. ती म्हणाली, "ठेवते. बोलावतील आतून."

आमच्या घरात कागदावरची सही म्हणजे माझं काम. बँक, रेशन, शाळेचा दाखला, सगळं मी. तिची सही लागलीच तर ती आधी विचारायची, "करू का?" आणि मी मान हलवली की अंगठ्याजवळ पेन घट्ट धरून करायची. त्या दिवशी तिनं नऊ वेळा विचारायचा प्रयत्न केला होता. मी तेव्हा चिमटे लावत होतो.

दुकानाच्या बाईंनी माझ्या फोनची पाठ गरम पाटीवर ठेवून परत उघडली. "तुमी सगळं बरोबर केलंय काका. नुसती बॅटरीची क्लिप बसली नाही. ही बघा, एका बाजूनं वर राहिलीय." दुकानातल्या बारीक चिमट्याच्या टोकानं त्यांनी ती दाबली. टक असा बारका आवाज आला आणि बटण दाबल्यावर पडदा उजळला. एवढंच होतं. मागाचं एवढंसं काही सुटलं असतं तर मला आवाजावरून कळलं असतं. इथं आवाजच नव्हता.

सिम परत माझ्या फोनात गेलं. पाठ चिकटवून त्यांनी वर वजन ठेवलं आणि म्हणाल्या, "पंधरा मिनिटं हात लावू नका." फोन टेबलावर, वजनाखाली, आणि मी समोर. स्टुलावर बसलो, उठलो. रस्त्यावरनं रिक्षा गेली, त्यात कुणाचा तरी फोन वाजला, तरी मी दचकलो. बाईंनी चहा मागवला. गिऱ्हाईक आलं, तर त्याला म्हणाल्या, "जरा वेळानं या ओ." दुकानात दुसरा आवाज नको म्हणून त्यांनी स्वतःचा रेडिओही बंद केला. त्यांना मी त्याआधी ओळखतही नव्हतो.

बारा वाजून गेले तेव्हा टेबल थरथरलं. वजन मी बाजूला केलं की बाईंनी, आठवत नाही.

"मुलगी झाली," बायको म्हणाली. "रडली. दोघी बऱ्या हायत." मग ती स्वतःच रडायला लागली आणि फोन कुणा नर्सच्या हातात गेला. नर्स कन्नडमध्ये भराभरा बोलत होती. मला फक्त "आराम" एवढा एक शब्द कळला. मी व्हय, व्हय म्हणत राहिलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बंगळूरला पोचलो. लेक झोपली होती, बाळ तिच्या कुशीत. तोंड एवढंसं, केस मात्र भरपूर. बायको बाहेर बाकावर बसली होती. मी शेजारी बसलो. पिशवीतला शेंगाचटणीचा डबा काढून मधे ठेवला.

समोरून डॉक्टरीण गेली. बायको उठून तिच्याशी कन्नडमध्ये बोलली. बायको मूळची अक्कलकोटच्या बाजूची, कन्नड शाळेत शिकलेली. मी मोडनिंबकडचा, मराठी मुलखातला. लग्न झाल्यापासून तिच्या कन्नडची मी चेष्टा केली होती. मला "ऊटा आयता", म्हणजे जेवण झालं का, याच्या पुढं काही येत नव्हतं, आणि यायला हवं असं वाटलंही नव्हतं. आता ती तिथं ताठ उभी राहून विचारत होती, मान हलवत होती, परत विचारत होती, आणि डॉक्टरीण थांबून तिला उत्तरं देत होती. मी खालून दोघींच्या तोंडाकडे बघत होतो.

परत येऊन बसली, तेव्हा मी म्हटलं, "चुकलं माझं."

तिनं डब्याचं झाकण उघडलं, लावलं. मग म्हणाली, "त्या कागदावर कन्नडमधी सही केली मी. शाळेत शिकवलेली. आणि गडबडीत आडनाव माहेरचं पडलं. डॉक्टरीण म्हणाली, असू दे, चालतंय."

"चालतंय की," मी म्हटलं.

ती हसली नाही. रागावलीही नाही. आतून बाळाचा बारका आवाज आला आणि ती पदर सावरत आत गेली. मी दारापर्यंत गेलो. नर्सनं हातानं थांबवलं आणि कन्नडमध्ये काहीतरी सांगितलं. मला ते कळलं नाही. मी तिथंच उभा राहिलो. एकदा या पायावर, एकदा त्या पायावर.